किल्ली कुणाकडे?

(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली, बाकी भाषा तोंडचीच ठेवली आहे.)



माझ्या आधी बोललेल्यांनी संस्कृती, सत्ता, साहित्य असे मोठमोठे विषय घेतले. टाळ्याही झाल्या. मी आता उभा राहून तुमच्याशी बाक, ट्यूबलाइट, प्लग आणि संडास यांवर बोलणार आहे. हसा. हसून घ्या. मी साहित्यिक नाही, नकाशे काढणारा माणूस आहे. ड्राफ्ट्समन. इंजिनियर साहेब सांगतो तिथे रेघ मारायची, एवढंच माझं काम. पण वीस-पंचवीस वर्षं रेघा मारून एक गोष्ट कळली. कुणी कुठे बसायचं आणि कुणी कुठे बसायचंच नाही, हे भाषणात ठरत नाही. ते नकाशात ठरतं.

आणि हे आपल्याला नवीन आहे काय? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब कुठे बसत होते? कोपऱ्यात, गोणपाटावर. ते गोणपाटही घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी परत आणायचं, कारण शाळेचा गडी त्याला हात लावायचा नाही. म्हणजे शाळेत प्रवेश मिळाला होता. हजेरीपटावर नाव होतं. नव्हती ती फक्त बसायची जागा. प्रवेश वेगळा आणि जागा वेगळी, हे नीट लक्षात ठेवा. आज सरकार आणि विद्यापीठ आपल्याला प्रवेशाचे आकडे दाखवतात. आपण जागा विचारायची.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजले आहेत, पण मजल्यांना जोडणारा जिना नाही. मी धंद्याने नकाशेवाला, म्हणून मला हे वाचून अंगावर काटा आला. बिनजिन्याची इमारत चुकून होत नसते, मित्रांनो. जिना विसरणारा आर्किटेक्ट अजून जन्मायचाय. जिना नाही म्हणजे तो कुणीतरी काढून टाकलाय.

आता माझंच एक पाप सांगतो. मी एका ऑफिसात कामाला होतो. एका कॉलेजच्या इमारतीची दुरुस्ती आमच्याकडे आली. कॉलेजला दारासमोर रुंद पायऱ्या. दगडी, सावलीतल्या, गार. मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी तिथे पोरं बसायची. वह्या घेऊन, डबा घेऊन, एकमेकांना गणितं समजावत. मालक मंडळींना ते दिसायला बरं दिसत नव्हतं. मला हुकूम आला, पायऱ्यांवर मधे मधे झाडाच्या कुंड्या घे आणि कडेला रेलिंग टाक, म्हणजे पोरं बसणार नाहीत. त्याच नकाशात आत, तळमजल्यावर, काचेच्या दाराआड एक 'स्टुडंट लाउंज' काढायचं होतं. सोफे, कॉफीचं मशीन, आणि दारावर कार्ड दाखवायचं यंत्र. दोन्ही मीच काढलं. कुंड्याही मीच काढल्या आणि सोफेही मीच. त्या पायऱ्यांवर कोण बसत होतं आणि त्या सोफ्यांवर कोण बसणार होतं, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. माझा पगार त्यात होता. म्हणून आज तुमच्यापुढे बोलतोय.

आता जरा घराकडे या. बी.डी.डी. चाळ. १९२० च्या दशकात गोऱ्या सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, संडास सगळ्यांना मिळून. खोली १६० चौरस फुटांची. याच वरळीच्या चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली, पँथरची पोरं लढली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. मी त्या खोलीचा हिशेब सांगतो. वाचनालय बांधताना एका वाचकाला, टेबल-खुर्ची आणि जाण्या-येण्याची वाट धरून, साधारण पंचवीस चौरस फूट जागा लागते असं धरतात. म्हणजे १६० चौरस फुटांत सहा वाचक बसले की जागा संपली. आमच्या तेवढ्याच खोलीत सात माणसं, एक स्टो, एक मोरी, एक पाळणा, लोखंडी खाट आणि खाटेखाली आजोबांची पेटी. आता सांगा, पोरगं बारावीला नापास झालं तर त्याचं डोकं कमी की खोली कमी?

मग पोरं काय करतात? बाहेर येतात. गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, रस्त्यावर. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. त्याचं हे नाव कुणी घेत नाही. सगळे म्हणतात अभ्यास गल्ली. पिढ्यान् पिढ्या चाळीतली पोरं तिथे दिव्याखाली बसून शिकली. बाप शिकला, मग पोरगा शिकला. आजूबाजूच्या वस्त्यांतूनही पोरं येतात. कुणी बसून वाचतो, कुणी फेऱ्या मारत पाठ करतो. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने तिथे बाकं, दिवे केले, भिंती रंगवल्या. पुढाऱ्यांनी फोटो काढून घेतले. चांगलंय. पण मला त्या रंगापेक्षा मूळ गल्लीत जास्त रस आहे. कारण ती जागा कुठल्या आर्किटेक्टने नाही शोधली. पोरांनी शोधली. आणि पोरांनी हीच गल्ली का निवडली, शेजारची का नाही, याचा विचार केला तर अभ्यासाच्या जागेचं सगळं शास्त्र हाताला लागतं.

एक, रहदारी कमी. दोन, दिवा रात्रभर. तीन, घरापासून चालत जाता येतं, बसभाडं नाही. चार, पैसे नाहीत, कार्ड नाही, नाव-आडनाव विचारायला दारात कुणी नाही. पाच, सोबतीला दहा ओळखीची पोरं, म्हणजे झोप आली तर लाज वाटते आणि गणित अडलं तर विचारता येतं. सहा, बसून कंटाळा आला तर चालता येतं. सात, बंद व्हायची वेळ नाही. ही सात कलमं लिहून घ्या. आता तुमच्या विद्यापीठाची भव्य वाचनखोली घ्या आणि एकेका कलमाला तपासा. किती मार्क पडतात बघा.

कुणी म्हणेल, हे काय गरिबीचं कौतुक चालवलंय. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठा झाला वगैरे. नाही दोस्तांनो. मला त्या गोष्टीचा राग येतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेल्या एकाची गोष्ट दरवर्षी पेपरात येते, आणि त्याच दिव्याखाली डोळे बिघडलेल्या, पावसात वह्या भिजलेल्या, पोलिसाने हटकलेल्या शंभरांची येत नाही. आणि मुलगी? मुलीने रात्री अकरा वाजता कुठल्या दिव्याखाली बसायचं? अभ्यास गल्लीपासून शिकायचं ते तिच्या रचनेतून. तिच्या हालांतून नाही.

बाबासाहेबांचं शिक्षण आपण डिग्र्यांत मोजतो. मी ते जागांत मोजून पाहिलं. परळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. खोलीत भांडी, सरपण, पाहुणे, सगळंच. सुभेदार पोराला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच घर शांत असायचं. म्हणजे जागा नव्हती तर बापाने वेळेतून जागा काढून दिली. मग चर्नी रोडची बाग. शाळा सुटली की पोरगं तिथे जाऊन वाचत बसायचं. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची गाठ पडली. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर त्याच केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडून मदत मिळवायलाही तेच उभे राहिले. आता विचार करा, ही भेट वर्गात झाली नाही. बागेतल्या बाकावर झाली. ज्या बागेत कुणीही येऊन बसू शकत होतं, तिथे झाली. बागेच्या फाटकावर कार्ड मागणारा शिपाई असता तर?

पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमची वाचनखोली. उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. आणि मग स्वतः घर बांधायची पाळी आली तेव्हा, १९३० च्या दशकात, दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह. घर पुस्तकांसाठी बांधलं आणि माणसं त्यात राहिली म्हटलं तरी चालेल. आणि फक्त स्वतःपुरतं नाही. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिच्या उद्देशांत वसतिगृहं आहेत, वाचनालयं आहेत, समाजकेंद्रं आहेत, अभ्यासवर्ग आहेत. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज उघडलं ते सकाळी भरवलं, का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. हा माणूस घड्याळाचाही नकाशा काढत होता. आपण मात्र त्याचा पुतळा उभारतो आणि पुतळ्याभोवती लोखंडी ग्रिल लावतो.

आता विद्यापीठात चला.

विद्यापीठात शिक्षण दोन ठिकाणी चालतं. एक वर्गात, आणि दुसरं वर्गाबाहेर. कँटीनमध्ये, कट्ट्यावर, झाडाखाली, डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात, झेरॉक्सच्या टपरीवर. कुठला प्राध्यापक कुठल्या विषयाला गाइड घेतो, फेलोशिपचा फॉर्म कधी निघतो, इंग्रजी पेपर कसा वाचायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळं या दुसऱ्या ठिकाणी शिकायला मिळतं. पांढरपेशाच्या पोराला हे घरीच जेवणाच्या टेबलावर मिळालेलं असतं. आपल्या पोराला ते फक्त कट्ट्यावर मिळू शकतं. म्हणून कट्टा आपल्याला चैन नाही. आपल्याला तो दुसरा वर्ग आहे.

पण कट्ट्यालाही तिकीट असतं. चहाचं तिकीट. इंग्रजीचं तिकीट. 'तुझं आडनाव काय?' हे तिकीट. गावाकडून आलेलं पोरगं पहिल्या वर्षी कँटीनच्या दारात येतं, आत बघतं, आणि परत जातं. मी ते पोरगं होतो. मला कुणी हाकललं नाही. तिथे सगळी टेबलं चौघा-चौघांची होती, आणि मी एकटा होतो. चौघांच्या टेबलाला एकट्याने बसायचं म्हणजे चौघांची परवानगी लागते. भिंतीला लावून एक लांब फळी असती, समोर चार स्टुलं असती, तर मी बसलो असतो. दोन दिवसांनी शेजारच्याशी बोललो असतो. एका फळीवाचून माझं अर्धं वर्ष गेलं. नकाशा म्हणजे काय, हे मला त्या फळीने शिकवलं.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं किरकोळ आहे, त्यांनी हैदराबाद आठवावं. रोहित वेमुला आणि त्याचे चार साथी. विद्यापीठाने त्यांना वर्ग बंद केले नव्हते. ग्रंथालयही बंद केलं नव्हतं. बंद काय केलं? वसतिगृह, प्रशासनाची इमारत, आणि घोळक्याने सार्वजनिक जागी वावरणं. शिका म्हणे, पण एकत्र बसू नका! व्यवस्थेला नेमकं ठाऊक होतं की यांची ताकद कुठे तयार होते. २०१६ च्या जानेवारीत ती पोरं वसतिगृहातून गाद्या घेऊन बाहेर पडली आणि आवारातल्या दुकानांच्या चौकात त्यांनी तंबू ठोकला. नाव दिलं वेलिवाडा. गावाबाहेरचा वाडा, म्हणजे आपला महारवाडा. महापुरुषांच्या तसबिरी लावल्या, सतरंज्या टाकल्या आणि उघड्यावर बसले. १७ जानेवारीला रोहित गेला. त्या वर्षी त्या विद्यापीठातली अभ्यासाची सगळ्यात खरी जागा कुठली असेल तर तो तंबू.

मुलींचंही ऐका. २०१५ ला दिल्लीत मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणून आंदोलन उभं केलं, कारण मुलांचं वसतिगृह रात्रभर मोकळं आणि मुलींच्या दाराला संध्याकाळीच कुलूप. ग्रंथालय रात्री उघडं असून उपयोग काय, तिला जर खोलीवर परतायची वेळ आठची असेल? आपल्या वस्तीत तर दुहेरी कुलूप. भाऊ गॅलरीत बसून वाचू शकतो, ती गॅलरीत बसली की शेजारणी आईला विचारतात. म्हणून जी अभ्यासाची जागा मुलींसाठी नाही, ती अर्धी जागा आहे. तिला मी तरी आंबेडकरी म्हणणार नाही.

मग बाजार येतो. बाजाराला आपली अडचण आपल्याआधी कळते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात जा. गल्लीगल्लीत अभ्यासिका. महिन्याचे पैसे भरा, एक खोपटं घ्या. प्लायवूडच्या तीन भिंती, एक दिवा, एक प्लग. गावाकडे बापाने शेत गहाण टाकलेलं पोरगं त्या खोपटात बारा तास बसतं, तोंडासमोर प्लायवूड. शेजारचा दोन फुटांवर आहे, पण दोन वर्षांत बोलणं नाही. का? तो स्पर्धक आहे. माझी तक्रार पैशांचीच नाही. त्या प्लायवूडची आहे. जातीने आपल्याला वस्तीवस्तीत तोडलं, आता हे आपल्याला खुर्चीखुर्चीत तोडतायत. ज्या खोलीत शंभर पोरं बसतात आणि एकही प्रश्न एकत्र विचारला जात नाही, ती खोली व्यवस्थेला फार आवडते.

आणि जीवसुद्धा जातो. २७ जुलै २०२४. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात एका क्लासच्या तळघरात वाचनालय चालवलेलं. पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. पुस्तकं वाचता वाचता बुडून मेले! ते तळघर वाचनालयासाठी नव्हतंच. म्हणून पहिलं कलम पाठ करा. तळघरात बसू नका. एकच दार असलेल्या खोलीत गर्दी करून बसू नका. आत जाताना आधी बाहेर पडायची दुसरी वाट बघा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे जागा नाही, असं आपण रडतो. खोटं आहे ते! आपल्या प्रत्येक वस्तीत एक तरी समाजमंदिर आहे, विहार आहे, सभागृह आहे. आपल्या बापांनी वर्गणी काढून, भांडून, मोर्चे काढून मिळवलेलं. ते आठवड्यात किती तास उघडं असतं? रविवारी वंदना. १४ एप्रिल, ६ डिसेंबर. कधी लग्न, कधी बारसं, कधी पुढाऱ्याची मीटिंग. बाकी कुलूप. आत धूळ, जयंतीचे ढोल, मांडवाचे बांबू आणि भिंतीवर, हातात पुस्तक घेतलेले बाबासाहेब. बाहेर पायरीवर पोरगं मोबाइलच्या उजेडात झेरॉक्स वाचतंय. आत बाबासाहेब कुलूपबंद आणि बाहेर विद्यार्थी अंधारात. किल्ली कुणाकडे? अध्यक्षांकडे. अध्यक्ष कुठे? गावी गेलेत.

हे बोललं की आपली वडीलधारी माणसं चिडतात. चिडू देत. ब्राह्मणाच्या देवळाच्या किल्लीवर आपण शंभर वर्षं बोललो. आपल्या विहाराच्या किल्लीवर एक दिवस बोलूया की.

समजा किल्ली मिळाली. मग काय करायचं? इथे माझा धंदा कामाला येतो. लिहून घ्या.

वीस बाय पंचवीसचं समाजमंदिर धरा. पाचशे चौरस फूट. त्याचे तीन भाग करा. दाराजवळ पन्नास फूट, चपला, पाणी, पिशव्या ठेवायच्या फळ्या. त्याला लागून दीडशे फूट बोलकी जागा. आणि सगळ्यात आत, रस्त्यापासून लांब, तीनशे फूट शांत जागा. क्रम उलटा करू नका. बोलणारे आत बसले तर त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक जण शांत बसलेल्यांच्या डोक्यावरून जातो.

शांत जागेत, पंचवीसच्या हिशेबाने, बारा जण. एकाला अडीच फूट रुंद, दोन फूट खोल टेबल पुरतं. वेगवेगळी टेबलं घेऊ नका, लांब फळ्या भिंतीला ठोका आणि मधे एक लांब टेबल. प्लायवूडच्या भिंती नकोत. खुर्चीमागे तीन फूट वाट सोडा, नाहीतर एक उठला की चौघे हलतात. बारा जण फार कमी वाटतात? सकाळ, दुपार, रात्र, तीन पाळ्या करा. छत्तीस पोरं झाली. नोकरीवाल्याला रात्रीची पाळी, कॉलेजवाल्याला दुपारची. सिद्धार्थ कॉलेजचा धडा आहे हा.

दिवा टेबलावर पाहिजे, डोक्यामागे नको. डोक्यामागे असला की आपलीच सावली वहीवर पडते. वाचायला साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड लागतो. हल्ली मोबाइलवर अंदाजे मोजता येतो, मोजा. खिडकी असेल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला ती डावीकडे यावी. पत्र्याचं छप्पर असेल तर खाली छत करा, नाहीतर मे महिन्यात तिथे कुणी बसणार नाही, आणि परीक्षा असते नेमकी तेव्हा. दोघांत एक प्लग. आपल्या पोरांची निम्मी पुस्तकं आज मोबाइलमध्ये आहेत आणि मोबाइल जुना आहे. चार्जिंग म्हणजे आज कंदिलातलं रॉकेल.

बोलक्या जागेत खुर्च्या नकोत. सतरंजी, बैठी डेस्कं आणि एका भिंतीला पूर्ण रुंदीचा फळा. फळ्याला पैसे नसतील तर भिंतीलाच काळा रंग द्या. आठ-दहा जण गोल बसतील. इथे कुणी मास्तर नाही. ज्याला स्टॅटिस्टिक्स येतं तो शिकवेल, जिला इंग्रजी येतं ती शिकवेल. दिवसातून एक तास पेपर मोठ्याने वाचायचा आणि त्यावर भांडायचं. हा तास सक्तीचा. फॉर्म भरायचा कोपराही इथेच. शिष्यवृत्ती, जातपडताळणी, वसतिगृह, स्वाधार. स्वाधार योजना चांगली आहे, वसतिगृहात नंबर न लागलेल्याला सरकार खाण्या-राहण्याचे पैसे देतं. पण फॉर्म चुकला की वर्ष गेलं, आणि फॉर्म एकट्याने भरला की चुकतो.

संडास. हो, संडास. मुलींसाठी वेगळा, आतून कडी लागणारा, पाणी आणि दिवा असलेला. तो नसेल तर मुली येणार नाहीत, आणि मग तुम्ही म्हणाल मुलींना अभ्यासाची आवड नाही. शांत जागेतल्या निम्म्या खुर्च्या मुलींच्या, आणि रात्री सुटल्यावर गटाने घरी पोचवायची पाळी मुलामुलींनी मिळून लावायची. दार काचेचं किंवा जाळीचं ठेवा, आत काय चाललंय ते वस्तीला दिसू दे. आया-बापांचा विश्वास त्यानेच बसतो.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. नियम. दारात नाव लिहायची वही असू दे, पण आडनावाचा रकाना नको. शेजारच्या वस्तीतलं पोरगं आलं, मातंगाचं, मुसलमानाचं, भटक्याचं, कुणाचंही, तर त्याला जागा. आपली अभ्यासिका फक्त आपल्याच पोटजातीची झाली, तर आपणही बिनजिन्याचा मनोराच बांधला म्हणायचा, फक्त मजला आपला. किल्ल्या तीन करा. एक मुलाकडे, एक मुलीकडे, एक म्हाताऱ्या माणसाकडे. दर तीन महिन्यांनी बदला. ज्याच्याकडे किल्ली कायमची राहते तो हळूहळू मालक होतो. हा नियम विहारालाही लागू आहे आणि संघटनेलाही.

आता तातडीची गोष्ट. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बी.डी.डी. पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्या आईच्या पिढीने सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून आयुष्य काढलं. घरात स्वतःचा संडास आला, हे लहान नाही. पण नकाशेवाला म्हणून विचारतो. गॅलरी गेली. गॅलरी म्हणजे वीस खोल्यांचा एक व्हरांडा होता, तिथे पोरं ओळीने बसायची, एकाच्या दिव्यात दोघं वाचायची. तिथे भांडणं व्हायची, जातीच्या शिव्याही व्हायच्या, पण भेट व्हायची. टॉवरमध्ये लिफ्ट आणि बंद दार. उद्या सोसायटी पाटी लावेल, 'लॉबीमध्ये बसण्यास मनाई.' मग पोरगं कुठे बसेल? पाचशे फुटांत जागा आहे, कबूल. पण तिथेही टीव्ही आहे, आजारी आजी आहे, लग्न झालेला भाऊ आहे.

इमारतीत सोसायटीची सामाईक खोली असते. तिचं काय करायचं यावर भांडण अजून बाकी आहे. कुणी म्हणेल जिम, कुणी म्हणेल उत्सवाचा हॉल, कुणी म्हणेल भाड्याने द्या, मेंटेनन्स निघेल. पहिल्या सर्वसाधारण सभेत जो उठून बोलेल त्याचं होईल. म्हातारे बोलतील, पुढाऱ्याची माणसं बोलतील. तुम्ही बोलणार आहात काय? नुसतं 'अभ्यासिका द्या' म्हणू नका. असं म्हणणाऱ्याला हसून बसवतात. कागदावर नकाशा घेऊन उभे रहा. बारा खुर्च्या, दहाची सतरंजी, दोन दारं, दिवे, प्लग, पाळ्या, किल्ल्या, सगळं मापासकट. नकाशा हातात असलेल्या माणसाला हाकलणं जड जातं. हे मी माझ्या ऑफिसात रोज बघतो.

विद्यापीठातही तेच. निवेदनात 'सोयीसुविधा द्याव्यात' असं लिहू नका. लिहा, अमुक व्हरांड्यात भिंतीला वीस फूट फळी, आठ प्लग, आठ स्टुलं. वाचनखोली रात्री बारापर्यंत, आणि त्याच वेळेपर्यंत मुलींच्या वसतिगृहाचं दार. कँटीनमध्ये काही न घेता बसता येईल अशी चार बाकं. किती खर्च? एका स्वागतसमारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा फार नाही. मग नाही म्हणायला त्यांना तोंड उरत नाही. आणि तरी नाही म्हणाले, तर सतरंजी घेऊन त्याच व्हरांड्यात बसा आणि अभ्यास करा. घोषणा नकोत. शंभर पोरं खाली बसून मुकाट्याने वाचतायत, हे दृश्य प्रशासनाला दगडापेक्षा जास्त लागतं.

माझं काम ठरलेलं आहे. ज्या वस्तीला, ज्या इमारतीला, ज्या वसतिगृहाला नकाशा पाहिजे, त्यांनी टेप घेऊन खोली मोजून आणावी. लांबी, रुंदी, दार कुठे, खिडकी कुठे, नळ कुठे, मीटर कुठे. रविवारी मी बसून काढून देईन. फुकट. त्या कुंड्यांचं एवढं तरी देणं मी लागतो.

पण टेप तुम्ही आणायचा. आणि आजच, इथून घरी जाताना, आपल्या समाजमंदिराच्या दारापाशी थांबा आणि कुलूप बघा. मग वस्तीत जाऊन विचारा, किल्ली कुणाकडे आहे?

जयभीम.